एका घरची माणसे, दोन पीएनआर

सोलापूरच्या नवी पेठेतल्या आमच्या विमान तिकीट कार्यालयात येणारी बहुतेक माणसे आधी भाडे विचारतात. गेल्या डिसेंबरात आलेल्या एका बाईंनी मात्र पहिलाच प्रश्न आसनाचा विचारला. त्या एका खासगी बँकेत नोकरीला होत्या. बँकेने त्यांना गुरुग्रामला प्रशिक्षणासाठी बोलावले होते आणि त्यांचे पुणे-दिल्ली तिकीटही बँकेनेच काढले होते. होटगी रस्त्यावरच्या विमानतळावरून २०२५ मध्ये गोवा आणि मुंबईची उड्डाणे सुरू झाली असली, तरी दिल्लीचे बरेच प्रवासी अजून पुणे किंवा हैदराबाद गाठतात. त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलाला आकडीचा त्रास होता, म्हणून त्याच खेपेत त्याला ‘एम्स’मध्ये दाखवायचे घरात ठरले होते. त्यासाठी मुलाचे आणि आजी-आजोबांचे तिकीट त्यांना त्याच विमानाचे हवे होते.

“काका, आकडी पाच मिनिटांत थांबली नाही, तर नाकात औषधाचा फवारा द्यावा लागतो. त्याच्या आजोबांचे, अण्णांचे, हात थरथरतात आणि आजीला नीट दिसत नाही. मला त्याच्या शेजारीच जागा पाहिजे,” त्या म्हणाल्या.

मी तिकिटे काढली, पण अडचण तिथेच सुरू झाली. एका पीएनआरमधली, म्हणजे एकाच बुकिंग क्रमांकावरची, माणसे वेगळी करता येतात. दोन वेगळे पीएनआर मात्र नंतर एक करता येत नाहीत. एकाच घरची, एकाच आडनावाची माणसे असली, तरी आसने वाटणाऱ्या यंत्रणेच्या लेखी ती परकीच राहतात. विमान कंपनीला फोन करून ‘हे प्रवासी सोबत आहेत’ अशी नोंद दोन्ही बुकिंगवर घालून घेता येते. ती मी घालून घेतली. पण ही नोंद माणसाने वाचायची असते आणि तिच्यावरून यंत्रणा आपणहून आसने देत नाही. म्हणून पैसे भरून १८व्या रांगेतली आसने घेतली: मूल खिडकीशी, मधे आई, कडेला आजी आणि वाटेपलीकडे आजोबा.

बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला आई-वडील किंवा सांभाळणारे पालक यांपैकी निदान एकाशेजारी आसन द्यावे, असा आदेश नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने एप्रिल २०२४ मध्ये काढला आहे. तो चांगलाच आहे. पण तो पालक त्याच पीएनआरवर असावा लागतो. या मुलाच्या बाबतीत आजी किंवा आजोबा शेजारी बसले की नियम पुरा होत होता, आणि औषध देणारी आई कुठेही बसली तरी चालत होते. मूल प्रत्यक्षात कोण सांभाळते, हे या नियमात कुठेतरी यायला हवे, असे मला मनापासून वाटते.

प्रवासाच्या आदल्या संध्याकाळी विमान बदलल्याचा संदेश आला. नव्या विमानात आमचे तिघे २७व्या रांगेत गेले होते आणि आई सहाव्या. आईच्या बदलाचा संदेश बँकेच्या प्रवास विभागाकडे गेल्यामुळे त्यांना त्याचा पत्ताच नव्हता. मी त्यांच्या पीएनआरवर आसन पाहिले, तेव्हा ते कळले. आजोबांना दुसरीकडे हलवून त्यांची जागा आईला देणे संकेतस्थळावरून शक्य होते. पण एका पीएनआरवरून सुटलेली जागा दुसऱ्यावर घेईपर्यंत सगळ्यांना खुली होते. विमान भरत आले होते आणि वेब चेक-इन जोरात चालू होते. मधल्या क्षणात कोणी ती जागा घेतली असती, तर शेजारची जागा आईला मिळण्याची आशाच संपली असती. तो धोका मी पत्करला नाही.

मी त्यांना फोन करून सांगितले, “ताई, कुणाचेही वेब चेक-इन करू नका. पहाटे लवकर निघा, चौघे एकाच काउंटरवर उभे राहा आणि दोन्ही पीएनआर एकत्र दाखवा. डॉक्टरांची चिठ्ठी हातात ठेवा. नवी जागा मागू नका. अण्णांचे आणि तुमचे आसन आपसांत बदलून मागा.” अदलाबदल घरातल्या घरातच होणार असली, म्हणजे दुसऱ्या कोणाला उठवावे लागत नाही, आणि काउंटरवरच्या माणसालाही हो म्हणणे सोपे जाते.

तरी तिथल्या मुलीने आधी नकारच दिला. मग तिच्या वरिष्ठांनी बुकिंगवरची आमची नोंद वाचली, चिठ्ठी पाहिली आणि दोन्ही आसने बदलून दिली. भिगवणजवळच्या कोंडीत त्यांचा बराच वेळ गेला होता, त्यामुळे पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून त्यांचा फोन येईपर्यंत माझे दुसऱ्या कामात लक्ष लागत नव्हते. अण्णा सहाव्या रांगेत एकटे बसले. वाटेत आकडी आली नाही.

परतीच्या तिकिटासाठी मी बँकेच्या प्रवास विभागाशी स्वतः बोललो. कर्मचाऱ्याने तिकीट बाहेरून काढले आणि बिल दिले तर रक्कम परत मिळते, असे तिथून कळले. मग चौघांची दिल्ली-पुणे तिकिटे मी एकाच पीएनआरवर काढली आणि बाईंच्या भाड्याचे वेगळे बिल करून दिले.