मागच्या आठवड्यात कुणाशी खेळलास?

सोमवार ते शुक्रवार मी इथे इंग्लंडमध्ये सरकारी दवाखान्यात लोकांचे गुडघे आणि कंबरा बघतो. शनिवारी दुपारी पिशवी खांद्याला अडकवून एका नॉन-लीग, म्हणजे वरच्या चार लीगांच्या खालच्या, फुटबॉल क्लबाच्या बाकावर बसतो. प्रीमियर लीगपासून खाली मोजत आलात तर आमचा मजला दहावा, नॉन-लीगच्या भाषेत 'स्टेप सिक्स'. पेट्रोलचे पैसे मिळतात, चहा मिळतो.

क्लब वयाने लहान आहे. जुना कर्जात बुडाला, तेव्हा पाठीराख्यांनी वर्गणी काढून हा नवा उभा केला. अशा प्रत्येक क्लबाच्या कमिटीत एक तरी काका असतात, जे तुम्हाला पाठीराख्यांनीच उभ्या केलेल्या एएफसी विंबल्डनची गोष्ट ऐकवतात. 2002 साली सार्वजनिक मैदानावर पोरांची चाचणी घेऊन टीम जमवली आणि 2011 मध्ये थेट फुटबॉल लीग, म्हणजे चौथा मजला, गाठली! गोष्ट खरी आहे, पण आमचे काका ती दर पावसाळी शनिवारी सांगतात. मी कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाच्या मॅचेस बघत वाढलो. पेठेच्या इज्जतीसाठी खिशात हात घालणारी माणसं मला नवी नाहीत.

बाहेरच्याला कळत नाही ती गोष्ट वेगळीच. इथे खेळाडू टिकत नाहीत. बहुतेकांचा करार नसतो. दुसऱ्या क्लबाने सात दिवसांची नोटीस दिली की तो बोलणी करायला मोकळा. काहींची नोंदणी एकाच वेळी दोन क्लबांत असते. गुरुवारी सरावाला नवा चेहरा दिसतो आणि शनिवारी तोच सेंटर-हाफ, म्हणजे मधला बचावपटू, म्हणून उभा असतो.

त्या शनिवारीही तसंच होतं. पोरगा गिलाव्याची कामं करणारा, स्वतःची व्हॅन, चाळीस मैलांवरून आलेला. अडतिसाव्या मिनिटाला कॉर्नर आला आणि दोन डोकी एकमेकांवर आपटली. फरशीवर नारळ फोडावा तसा आवाज मला बाकावर ऐकू आला. मधे चार जण उभे, त्यामुळे तो क्षणभर निपचित पडला होता की नाही, हे मला दिसलंच नाही. मी पोचलो तेव्हा तो गुडघ्यांवर बसून भुवईचं रक्त बाहीला पुसत होता. कुंपणामागून कुणीतरी नेहमीप्रमाणे ओरडलं, "उठ, काही झालेलं नाही!" तीस यार्डांवरून निदान करणारे हे लोक दर मैदानावर भेटतात.

मान तपासली, डोळ्यांच्या बाहुल्या बघितल्या, हातापायांत मुंग्या आहेत का विचारलं. सगळं ठीक. मग मॅडॉक्सचे पाच प्रश्न, डोक्याच्या माराने मेंदू हादरलाय का ते ताडणारे. ऑस्ट्रेलियात तयार झालेले, मैदानाच्या कडेलाच विचारायचे. तारीख-वार विचारण्यापेक्षा हे बरे, कारण मार लागलेलं डोकं नुकतं घडलेलं आधी विसरतं. मी ते शेकडो वेळा विचारले असतील.

आपण कुठल्या मैदानावर आहोत? त्याने यजमान क्लबाचं नाव घेतलं. आमचं स्वतःचं मैदान नाही, आम्ही भाड्याने खेळतो आणि स्टँडवर मोठ्या अक्षरांत त्यांचंच नाव आहे. तेव्हा हे उत्तर बरोबर, की नुसतं समोरचं वाचलेलं? शेवटचा गोल कुणी केला? कुणीच नाही, सामना 0-0. तो म्हणाला, "माहीत नाही." मागच्या आठवड्यात कुणाशी खेळलास? त्याने माझ्याकडे बघितलं. मागच्या आठवड्यात आमची मॅच मैदानात पाणी साचल्याने रद्द झाली होती आणि तो तर तेव्हा आमच्यात नव्हताच. जिंकलात का? हा प्रश्नही आधीच्या प्रश्नाबरोबर गेला.

उरला एकच. हाफ कुठला?

"पहिला."

बरोबर. भुवईला पट्ट्या मारल्या, व्हॅसलीन लावलं आणि मी मॅनेजरला 'ठीक आहे' म्हणून अंगठा वर करून दाखवला.

ब्रिटनमध्ये हौशी खेळांतल्या डोक्याच्या माराबद्दल 2023 साली निघालेल्या सूचनांचं घोषवाक्यच आहे की शंका आली तर बाहेर बसवा. मला शंका होती. नसती तर मी पाच प्रश्न विचारलेच नसते. पाचपैकी चार निकामी ठरले आणि पाचव्याच्या जोरावर मी त्याला सोडला. बाकावर राखीव बचावपटू नव्हता, ही गोष्टही माझ्या डोक्यात होती. ती तिथे असायला नको होती.

हाफ-टाइमला ड्रेसिंग रूममध्ये त्याने विचारलं, "आता आपण कुठल्या बाजूला मारायचं?" कॅप्टनने सांगितलं. दोन-तीन मिनिटांत त्याने पुन्हा विचारलं, त्याच सुरात. कॅप्टन हसला. मी मॅनेजरला म्हणालो, हा आता खेळणार नाही.

"आत्ताच तर ठीक म्हणालास!"

त्याचं काही चुकलं नव्हतं. एकोणीस वर्षांच्या लेफ्ट-बॅकला मधे उभं केलं आणि आम्ही तीन गोल खाल्ले.

मग पुढचं. चोवीस तास एकटं राहायचं नाही, गाडी चालवायची नाही, दारू नाही, आणि किमान 21 दिवस सामना नाही. त्याची व्हॅन आमच्या किटमनने चालवली, मी त्याला माझ्या गाडीत घेऊन आधी दवाखान्यात आणि तिथून त्याच्या भावाकडे सोडलं. वाटेत एकच विचारत होता, सोमवारी कामावर जाऊ ना? दिवस भरला नाही तर पैसे नाहीत. याचं उत्तर त्या सूचनांत सापडतं, पण त्याच्या घरभाड्याचं सापडत नाही.

तेव्हापासून मी गुरुवारी प्रत्येक नव्या पोराला पाच गोष्टी विचारून वहीत लिहून ठेवतो: कुत्र्याचं नाव, व्हॅनचा रंग, शेवटची मॅच कुणाकडून खेळला, असलं काहीतरी. पोरं मला येडा समजतात.

तो आमच्याकडे परत आला नाही. पंधराव्या दिवशी दुसऱ्या एका क्लबाच्या यादीत सेंटर-हाफ म्हणून त्याचं नाव दिसलं. पिवळी कार्डं माणसामागे या क्लबातून त्या क्लबात जातात, सगळी नोंद असते. डोक्याचा मार जात नाही. मी त्यांच्या सेक्रेटरीला फोन केला. "आम्हाला काही बोलला नाही," तो म्हणाला, "आणि खेळला तर झकास." दिवस मोजून सांगितले, तेव्हा "बघतो" म्हणाला.

मग पोराला मेसेज टाकला: डोकं कसं आहे? रात्री उशिरा उत्तर आलं. नुसता अंगठा.