आमची वाटचाल : वॉशरच्या शेडपासून चिलखतापर्यंत

कारखान्यात शिरल्यावर डाव्या हाताला एक चिलखत टांगलेलं आहे. गंजलेलं, एका खांद्यावर उसवलेलं. नवं गिऱ्हाईक हमखास विचारतं, हे कुठल्या शतकातलं? ते २००८ सालचं आहे. स्प्रिंग वॉशरचं, म्हणजे नटाखाली घालतात त्या एका जागी चिरलेल्या पोलादी रिंगांचं आहे आणि वजन एकवीस किलो भरतं. आमचा पहिला माल तो.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात बाबांची वॉशरची शेड होती. तार सळईवर गुंडाळायची, कापायची, दाबायची, पाणी द्यायचं, पोत्यात भरायची. गिऱ्हाईक म्हणजे तेल इंजिनवाले. एका काळी कोल्हापूरची इंजिनं देशभरातल्या विहिरींवर धडधडत होती. शेतात वीज पोचली, मोटारी बसल्या आणि आमच्या वॉशरची पोती कमी कमी होत गेली. मी डिप्लोमा करून शेडमध्ये बसायला लागलो तेव्हा तीन प्रेसपैकी एक चालू होता आणि दुसऱ्यावर मांजर झोपायचं.

आमच्या पेठेतल्या तालमीचा एक पोरगा दर शिवजयंतीला मिरवणुकीत सरदार व्हायचा. चिलखत ड्रेपरीवाल्याकडून भाड्यानं आणायचा. जाड सुताचं विणकाम आणि वरून चंदेरी रंग, असा तो प्रकार. लांबून बरं दिसे, पण एका वर्षी घामानं रंग सुटला आणि मानेपासून पोटापर्यंत पोरगा चंदेरी झाला. दुसऱ्या दिवशी शेडमध्ये येऊन पोत्यात हात घालत म्हणाला, "एवढ्या रिंगा पडल्यात तुझ्याकडं. ह्याचंच करून दे की."

दोन पकडी घेऊन मी एकेक वॉशर उघडून जोडत बसलो. एका कडीत चार कड्या, एवढंच मला ठाऊक होतं. चार महिने गेले. बाबा रोज येता-जाता बघायचे आणि काही बोलायचे नाहीत, ते बोलण्यापेक्षा वाईट होतं. मिरवणूक बिंदू चौकात पोचेपर्यंत पोरग्यानं दोनदा कठड्यावर बसून घेतलं. रात्री शर्ट काढला तर दोन्ही खांदे काळेनिळे. तरी जाताना म्हणाला, "फुडच्या वर्षीबी हेच घालणार."

त्या वाक्यावर धंदा काढला म्हटलं तर खोटं ठरू नये.

पुढची दोन वर्षं आम्ही बारीक तारेची, नुसती टोकाला टोक भिडवलेली कडी वापरत होतो. अशी पंधराएक चिलखतं विकली. ६ जूनला रायगडावर राज्याभिषेक सोहळ्याला आमची चार गिऱ्हाइकं ती घालून चढली, मी सोबत होतो. चित्त दरवाज्यापासून पायऱ्या सुरू झाल्या आणि थोड्याच वेळात मागून येणारी एक आजीबाई म्हणाली, "बाळांनो, तुमचं काहीतरी सांडतंय." वळून बघितलं तर पायऱ्यांवर कड्यांची रांग. पाय उचलला, हात वर केला की ताण बसायचा, कडीचं तोंड उघडायचं आणि एक कडी गेली की शेजारच्या चार मोकळ्या व्हायच्या. महादरवाज्यापाशी एकाच्या काखेत माझी मूठ जाईल एवढं भोक पडलं होतं. चौघांचे पैसे परत केले. आणलेला माल गोणीत भरून खाली उतरवला तो मात्र मीच, त्याच पायऱ्यांनी.

खऱ्या चिलखताची कडी अशी नसते. तारेची दोन्ही टोकं एकमेकांवर चढवायची, ठोकून चपटी करायची, त्यातून बारीक भोक पाडायचं आणि रिबीट, म्हणजे दोन्हीकडून ठोकून बसवायचा बारीक खिळा, मारून बंद करायचं. जुन्या हिंदुस्थानी कामात बरेचदा एक ओळ अशा रिबीटच्या कड्यांची आणि एक ओळ अखंड कड्यांची असते. अखंड कडीला जोडच नाही, म्हणून मेहनत निम्मी आणि मजबुती पुरी. अखंड कडी आम्हाला अवघड नव्हती, पत्र्यातून पंच केलेला साधा वॉशरच तो. आयुष्य त्यातच गेलेलं. त्याची डाय, म्हणजे कापायचा साचा, बाबांनी स्वतः घासून दिली. या उद्योगाला त्यांनी लावलेला तो पहिला हात.

रिबीटच्या कडीनं मात्र दमवलं. कडक तार चपटी करताना तडकते, म्हणून आधी लाल तापवून नरम करावी लागते. एकदा घाईत जस्ताचा मुलामा असलेली तार भट्टीत घातली. पांढरा धूर निघाला, शेडचं दार बंद, वर मी वाकून बघत बसलेलो. रात्री थंडी वाजून ताप भरला, तोंडात धातूची चव. डॉक्टरांनी आधी मलेरिया तपासला. दुसऱ्या दिवशी एका फौंड्रीवाल्या काकांनी ऐकून घेतलं आणि सांगितलं, "जस्ताचा धूर खाल्लास." तेव्हापासून शेडमध्ये जस्ताची तार येत नाही. घरी हा छंद म्हणून कड्या जोडणाऱ्यांनाही माझं तेवढंच सांगणं असतं, बाकी काहीही चुकवा.

आमच्या एका चिलखतात आतून ८ मिलिमीटर व्यासाच्या साधारण २४ हजार कड्या बसतात. तार १.४ मिलिमीटरची, वजन साडेनऊ किलोच्या आसपास. त्यातल्या १२ हजारांना रिबीट. मी आणि एक पोऱ्या मिळून हे करायचं म्हटलं तर वर्षाला चार चिलखतं झाली असती.

वाट हुपरीत सापडली. कोल्हापूरपासून जवळच, चांदीचं गाव. तिथं पैंजणाच्या कड्या घरोघरी जोडल्या जातात, त्यातही बायकांचे हात जास्त. एका लग्नात जेवणाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या मावशींना मी खिशातला विणलेला तुकडा दाखवला. त्यांनी जिलबी बाजूला ठेवली, तुकडा उजेडाकडं धरला, नखानं एक कडी हलवली आणि म्हणाल्या, "ह्यात एक ओळ उलटी गेल्या." मला तीन वर्षांत दिसली नव्हती.

पुढच्या महिन्यात मावशी आणि त्यांच्या दोन जावा शेडमध्ये आल्या. पकडीच्या जबड्यात रिबीटच्या मापाची खोबण पाडून दिली होती. चांदीच्या मानानं लोखंड हट्टी, आठवडाभर बोटं सोलली, बोटांना चिकटपट्ट्या लावून काम चाललं. आज आमच्याकडे सात जणी आहेत. एक जण तासाला शंभर-सव्वाशे रिबीट मारते, म्हणजे एका चिलखताचं नुसतं रिबीटचं काम शंभर-सव्वाशे तासांचं. किंमत ऐकून जे फोन ठेवतात त्यांना मी हा हिशेब सांगत नाही, पण जे कारखान्यात येतात त्यांना मावशींच्या शेजारी अर्धा तास बसवतो. मग घासाघीस होत नाही.

नमुने बघण्यासाठी मी पुष्कळ फिरलो. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात अकबराच्या नावाचं छातीचं पोलाद आहे, त्यावर नजर ठरत नाही. पण मला खरं शिकवलं ते बिकानेरनं. तिथल्या जुनागड किल्ल्यात दख्खनची चिलखतं आहेत. औरंगजेबाच्या बाजूनं लढणाऱ्या बिकानेरच्या राजा अनूपसिंहानं १६८९ मध्ये दख्खनमधला अदोनीचा किल्ला पडल्यावर तिकडे नेलेली. आपल्याकडचं बघायला राजस्थानात जावं लागतं, हे मला थोडं लागलंच. काचेला नाक लावून उभा राहिलो. पुढच्या बाजूला कड्यांमध्येच पोलादी पट्ट्या गुंतवलेल्या, पाठीवर लहान पट्ट्यांच्या रांगा. म्हणजे वाकता येतं आणि छातीही झाकते. काही कामांत पोलादी आणि पितळी कड्यांची नक्षी असते, तिला गंगाजमनी म्हणतात. रखवालदार दोनदा येऊन गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा त्यालाच कडी दाखवली, मग तोही वाकून बघायला लागला.

आता थोडं कटू. मंडळांचे फोन येतात, "दादा, पन्नास मावळे करायचेत, पन्नास चिलखतं द्या." मी नाही म्हणतो. साध्या मावळ्याच्या अंगावर कुठलं चिलखत? डोंगर चढणारा गडी तो. चिलखत परवडायचं सरदाराला, घोड्यावरच्याला. पायदळाला कापूस भरून टाचलेला डगला शोभतो, आणि तो आम्ही शिवून देतो, पिंजलेल्या कापसाचा, उभ्या टाक्यांचा. निम्मी मंडळं फोन ठेवतात आणि फायबरची छाती घेऊन येतात, ज्यावर सिंहाचं तोंड आणि पोटाचे सहा गोळे असतात. मालिकांनी ती घडवलीय. आमच्या सरदारांची पोटं तशी होती की नाही कोण जाणे.

जिरेटोपाचंही तसंच. आज जिरेटोप म्हटलं की कापडी टोप, मोत्यांचा तुरा. शब्दात जिरह आहे, म्हणजे कड्यांचं चिलखत. कड्यांची झालर मानेवर सोडलेला लोखंडी टोप करून दिला की गिऱ्हाईक म्हणतं, हा जिरेटोप नाही. दोन्ही ठेवतो आम्ही. वाद घालून माल खपत नाही.

सगळ्यात जास्त मागणी कशाला? "महाराजांनी अफजलखानाच्या भेटीला घातलं होतं तसं." १० नोव्हेंबर १६५९. बखरींतून आपल्यापर्यंत आलेलं वर्णन असं, की चिलखत अंगरख्याच्या आत होतं आणि लोखंडी टोप मंदिलाच्या आत. खानाच्या कट्यारीचा वार वर खरखरला तेव्हा ते कळलं. म्हणजे मागणी आहे न दिसणाऱ्या चिलखताची! वरून अंगरखा नीट बसला पाहिजे, चालताना खळखळ नको. त्यासाठी आम्ही ६ मिलिमीटरची बारीक कडी काढली. कड्यांचा आकडा दुपटीच्या जवळ जातो, आणि मिरवणुकीत ते कुणालाच दिसत नाही. तरीही लोक घेतात. अशी माणसं मला फार आवडतात.

अंगात घालायचं म्हणजे ते कपड्यासारखं बेतावं लागतं, हे उशिरा कळलं. दांडपट्टा फिरवणारी एक मुलगी आमच्याकडे आली. हात वर केला की चिलखत कमरेपासून वर ओढलं जायचं आणि पाठीत आवळायचं. मी कड्या वाढवल्या, तर नुसतं ढगळ झालं. शेवटी गल्लीतल्या म्हाताऱ्या शिंप्याकडं घेऊन गेलो. त्यांनी लोखंड बघून चष्मा पुसला. म्हणाले, "अंगरख्याला बगलेत चौबगला लावतात, तो कुठाय ह्याला?" काखेत चौकोनी तुकडा, तिरका बसवलेला. तेवढ्यानं हात मोकळा झाला. दुसरी युक्ती कमरेची. शेला कमरेला आवळून बांधायचा आणि वरचं चिलखत दोन बोटं ओढून शेल्यावर सोडायचं. बरंचसं ओझं खांद्यावरून कमरेवर उतरतं. ही युक्ती न सांगता माल विकणं म्हणजे गिऱ्हाइकाचे खांदे विकणं.

२०१५ नंतर परदेशातून विचारणा यायला लागल्या. मेरठ-देहरादूनकडचे कारखाने युरोपी धाटणीचं चिलखत फार आधीपासून बाहेर पाठवतात, आम्ही त्यांच्या पासंगालाही नाही. पण तिकडच्या शौकिनांचा पहिलाच प्रश्न ऐकून बरं वाटतं: कडी भिडवलेली की रिबीटची? इंग्लंडात हेस्टिंग्जची १०६६ ची लढाई चिलखतं घालून पुन्हा लढून दाखवण्याचा खेळ दर ऑक्टोबरात त्याच जागी होतो. तिथं उतरणाऱ्या एका गृहस्थांनी विचारलं होतं, रिबीटचं टोक आतून बोचतं का. मी चिलखत उघड्या अंगावर घालून दिवसभर काम केलं आणि संध्याकाळी कळवलं, बोचतं. तेव्हापासून मालाला बॅरल दाखवतो. फौंड्रीत कास्टिंग साफ करायला जे फिरतं पिंप असतं, त्यात रेती आणि लाकडाचा भुसा घालून चिलखत फिरवायचं. टोकं मोडतात, गंजही जातो. अमेरिकेतल्या मराठी मंडळांकडूनही ऑर्डर येतात. मापं फोनवर शिंप्यासारखी घ्यायला लावतो, आणि दर वेळी कोणीतरी पोट आत ओढून माप देतं.

तलवारी आम्ही विकत नाही. धारेच्या हत्याराला परवान्याची भानगड असते आणि मिरवणुकीतल्या पोरांच्या हातात धार द्यायची माझी तयारी नाही. लंडनहून वाघनखं २०२४ मध्ये साताऱ्याला आली, तेव्हा आठवडाभर फोन फक्त त्यासाठी वाजत होता.

पैशाचं थोडक्यात. एका मालिकेच्या निर्मात्यांनी अकरा चिलखतं नेली, सहा परत आली, पैसे आलेच नाहीत. बँकेत कर्जाला गेलो तर साहेबांना उत्पादनाच्या रकान्यात काय लिहावं सुचेना, शेवटी "कृत्रिम दागिने" लिहिलं. वॉशर आम्ही अजूनही करतो. ज्या महिन्यात चिलखत जात नाही, त्या महिन्याचे पगार वॉशरवर निघतात.

कोल्हापुरात शिवजयंतीचा हंगाम लांबलचक असतो. १९ फेब्रुवारी, मग तिथीची फाल्गुनातली, मग तालमींची वैशाखातली. वैशाखाच्या उन्हात लोखंड एवढं तापतं की मनगटाला चटका बसतो. रायगडावर उलटं, जूनच्या धुक्यात एका रात्रीत तांबूस होतं. घरी नेल्यावर पुसा, मशीनचं पातळ तेल लावा, प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका, एवढं आम्ही चिठ्ठीवर लिहून देतो. तरी पावसाळ्यानंतर दुरुस्तीला माल येतोच.

परवा असंच एक आलं होतं. मावशींनी ते पुरं केलं आणि संध्याकाळी शेडमध्ये कोणी नाही असं बघून अंगात घातलं. बारा वर्षांत पहिल्यांदा. मी चहा घेऊन आत आलो तर आरशासमोर उभ्या, साडीवर चिलखत, पदर कमरेला खोचून आवळलेला. लाजल्या नाहीत. दोन्ही हात डोक्यावर नेले, खाली आणले, पुन्हा नेले.

"डाव्या बगलेत धरतंय," म्हणाल्या. "चौबगला उलटा लागलाय."

मी म्हटलं, राहू द्या, गिऱ्हाइकाला कळायचं नाही. त्यांनी चिलखत उतरवलं, दिवा खाली ओढला आणि कडी तोडायची पक्कड मागितली.