तीन पिढ्या, अलिबागचा व्हिला आणि मुंबईहून क्रूझ: आधी काय ठरवायचं

तेरा माणसं धरू. आजी-आजोबा, त्यांच्या तीन मुलांचे संसार आणि पाच नातवंडं, धाकटं दोन वर्षांचं, थोरलं सोळाचं. थंडीत तीन रात्री अलिबागकडच्या व्हिलात आणि मग मुंबईहून गोव्याची दोन-तीन दिवसांची क्रूझ. बेत छान आहे. फक्त त्याची आखणी आजीच्या गुडघ्यांपासून आणि धाकट्याच्या दुपारच्या झोपेपासून सुरू व्हायला हवी. बहुतेक घरांत आधी स्विमिंग पूलचा फोटो बघून व्हिला धरला जातो, आणि तळमजल्यावर झोपायची खोलीच नाही हे तिथे पोचल्यावर कळतं.

बुकिंग आधी जहाजाचं करा. जहाजाच्या तारखा ठरलेल्या असतात, व्हिला पुढेमागे करता येतो. रविवार ते गुरुवारच्या रात्री मिळाल्या तर व्हिलाचं भाडं शनिवार-रविवारपेक्षा बरंच कमी पडतं. प्रवासात मात्र उलटा क्रम बरा, आधी व्हिला आणि शेवटी जहाज. पहिले दोन दिवस जमिनीवर गेले की मुलांची झोप-जेवण रुळतं, परदेशातून आलेल्यांचा जेटलॅग उतरतो, आणि कोणाचं काय दुखतंय तेही कळतं.

व्हिलाच्या मालकाला विचारायचा पहिला प्रश्न: तळमजल्यावर अ‍ॅटॅच्ड बाथरूमची खोली आहे का, आणि कमोड पाश्चात्त्य पद्धतीचा आहे का? दुसरा प्रश्न गिझर किती लिटरचा, हा. हे फार कोणी विचारत नाही, आणि सकाळी सगळं तिथेच अडतं. १५ लिटरच्या गिझरमधून गार पाणी मिसळून साधारण ४० लिटर कोमट पाणी निघतं, म्हणजे दोन बादल्या. तेवढं पाणी पुन्हा तापायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. चार बाथरूम असतील तर एकेकाच्या वाट्याला तीन-चार माणसं येतात. प्रत्येकाला एक बादली धरली तरी आंघोळी उरकायला तास जातो, आणि एखाद्याने शॉवर सोडून ठेवला तर दीड तास. गिझर वीजबिलासाठी खालून बंद करून ठेवतात का, तेही विचारा.

वीज गेली तर इन्व्हर्टरवर फक्त दिवे-पंखे चालतात की एसीसुद्धा? जनरेटर असेल तर डिझेलचे पैसे कोणाचे? आजोबा रात्री सीपॅप मशीन (झोपेत श्वास नीट चालावा म्हणून लावायचं) लावून झोपत असतील तर त्यांच्या खोलीतला प्लग इन्व्हर्टरवर आहे ना, हे फोनवरच पक्कं करा.

पूल असेल तर दोन वर्षांच्या पोरासाठी त्या घराची रचना व्हिडिओ कॉलवर बघून घ्या. हॉलचं सरकतं दार थेट पुलाकडे उघडतं का? त्याला वरच्या बाजूला कडी आहे का? ‘सगळे आहेत की लक्ष ठेवायला’ ही सगळ्यात धोक्याची व्यवस्था, कारण सगळे असतात तेव्हा प्रत्येकाला दुसरा बघतोय असं वाटतं. वीस-वीस मिनिटांच्या पाळ्या लावा. पाळीवर असलेल्याच्या हातात मोबाईल नको.

जेवण बहुतेक ठिकाणी केअरटेकरच्या घरून किंवा तिथल्याच एखाद्या मावशींकडून येतं, आणि ते फार चवीचं असतं. माणसं आणि पदार्थ मात्र आदल्या संध्याकाळी सांगावे लागतात, कारण मासळी सकाळीच आणायची असते. सुरमई-पापलेटचा भाव रोज बदलतो, त्यामुळे थाळीचा दर ठरवताना मासा त्यात धरलाय की वेगळा, हे विचारून ठेवा. तारखा नक्की करण्याआधी कालनिर्णय उघडा. संकष्टी, एकादशी, मार्गशीर्षातले गुरुवार मध्ये येत असतील तर साबुदाणा, वरी, शेंगदाणे घरूनच न्या. आजी वेगळ्या भांड्यांत खाणाऱ्या असतील तर एक कढई आणि एक पातेलं सोबत घेतलेलं उत्तम. हे त्यांनी मागण्याआधी आपणच करावं.

अलिबागच्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यावर जायचं असेल तर भरती-ओहोटीची वेळ बघून दिवस ठरवा. ओहोटीला पायी किंवा टांग्याने जाता येतं आणि ती वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. वयस्कांना टांगाच बरा. पाणी चढायच्या आत परत फिरायचं, किल्ल्यातल्या गणपतीच्या देवळात रेंगाळायचं नाही.

पुण्या-नाशकाहून येणार असाल तर सगळ्यांसाठी मिळून एक १७ सीटर टेम्पो ट्रॅव्हलर करा. त्याची पायरी उंच असते, म्हणून प्लास्टिकचं एक बुटकं स्टूल डिकीत ठेवा. तेच स्टूल व्हिलात आंघोळीला बसायलाही लागतं. मुंबईहून जायचं तर भाऊच्या धक्क्यावरून अलिबागजवळच्या मांडव्याची रो-रो बोट घ्या, तासाभरात पोचवते आणि गाडीही सोबत नेता येते. गेटवेची कॅटमरान स्वस्त पडते, पण तिथल्या ओल्या पायऱ्यांवरून हलत्या बोटीत पाय टाकणं सत्तरीच्या माणसाला अवघड जातं. शिवाय पावसाळ्यात ती बंद असते. रो-रोचा आणखी एक उपयोग होतो. बोट कोणाला लागते हे त्या एका तासात समजतं, आणि जहाजावर चढायच्या आधी डॉक्टरांशी बोलायला तीन दिवस हातात राहतात. अ‍ॅव्होमिनसारख्या गोळ्या निघायच्या तास-दोन तास आधी घ्यायच्या असतात, मळमळ सुरू झाल्यावर त्यांचा फारसा उपयोग होत नाही. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नयेत.

जहाजाच्या दिवशी मांडव्याहून सकाळची फेरी पकडा. भाऊच्या धक्क्यापासून बॅलार्ड पिअरचं क्रूझ टर्मिनल जवळ आहे, पण फेरी रद्द झाली तर पेण-पनवेलमार्गे रस्त्याने यावं लागतं आणि वडखळला वाहनं अडकली की तीन तासांचे पाच होतात. अटल सेतूमुळे (जानेवारी २०२४) पुढचा टप्पा सोपा झालाय, पण वडखळ चुकत नाही. चेक-इनची वेळ संपली की जहाज कोणासाठी थांबत नाही. मन शांत राहायला हवं असेल तर आदली रात्र मुंबईतच काढा.

आता जहाज. कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचं ‘एम्प्रेस’ २०२१ पासून मुंबईहून गोवा आणि लक्षद्वीपच्या फेऱ्या करू लागलं. ते १९९० साली बांधलेलं जहाज आहे, त्यामुळे केबिन आटोपशीर असणार हे धरूनच चाला. लक्षद्वीपचा मोह होतो, पण तिथे मोठं जहाज धक्क्याला लागत नाही. भर समुद्रात छोट्या होडीत उतरावं लागतं. आजी-आजोबा बरोबर असताना गोवाच घ्या. गोव्यातल्या मुरगाव बंदरात जहाज धक्क्याला लागतं आणि शिडीमार्गावरून सरळ चालत उतरता येतं.

केबिन निवडताना नकाशा उघडून मधला भाग आणि खालचा मजला बघा. जहाज सी-सॉसारखं पुढेमागे झुलतं, म्हणून टोकांना हालचाल जास्त आणि मध्ये कमी जाणवते. लिफ्टजवळ घ्या, पण डिस्को किंवा थिएटरच्या बरोबर वर-खाली नको. तिसरा-चौथा बर्थ सहसा वरून उघडणारा असतो आणि त्यावर शिडीने चढावं लागतं, तो मोठ्या नातवंडांचा. तेरा जणांना चार केबिन पुरतात (दोन, चार, चार, तीन), तरी परवडत असेल तर पाच घ्या. आजी-आजोबांच्या शेजारची केबिन लेकीची किंवा मुलाची असावी. आतल्या केबिनला खिडकी नसते, काही वयस्कांचा तिथे जीव गुदमरतो.

एक गोष्ट जवळून सांगते. जहाजाच्या केबिनमधल्या बाथरूमला बहुधा उंबरा असतो, चार-सहा इंच उंच, पाणी बाहेर येऊ नये म्हणून. रात्री तीनला झोपेत, पायाखालची जमीन हलत असताना त्याला ठेच लागते. पहिल्या संध्याकाळी आजींना तिथे दोनदा ये-जा करायला लावा, बाथरूमचा दिवा रात्रभर चालू ठेवून दार किलकिलं ठेवा. व्हीलचेअर किंवा वॉकर असेल तर उंबरा नसलेली खास केबिन बुकिंगच्या वेळीच मागा, त्या मोजक्याच असतात.

टर्मिनलवर मोठ्या बॅगा काढून घेतात आणि त्या केबिनशी यायला काही तास लागू शकतात. औषधं, इन्सुलिन, डायपर, दुधाची बाटली आणि एक कपड्यांचा जोड हातातल्या पिशवीत हवा. इन्सुलिन फ्रीजरला चिकटवून ठेवू नका, गोठलं की वाया जातं. इस्त्री आणि किटली नेऊ देत नाहीत. तिकिटावरची नावं ओळखपत्राप्रमाणेच द्या, लग्नानंतर बदललेली आडनावं इथे हमखास अडतात. अमेरिकेतल्या नातवंडांचा पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं), दोन्ही हवीत. सहा महिन्यांखालचं बाळ आणि २४ आठवड्यांपुढची गर्भवती यांना क्रूझ कंपन्या साधारणपणे घेत नाहीत.

जाहिरातीतला दर माणशी, दोघांच्या केबिनचा असतो. त्यावर जीएसटी आणि बंदर शुल्क वगैरे येतं, म्हणून सगळं धरून अंतिम आकडा लेखी मागवा आणि तोच वाटून घ्या. वाटणी खोलीचे पैसे खोलीप्रमाणे, जेवणाचे डोक्यांप्रमाणे अशी करावी. आजी-आजोबांचा खर्च तिन्ही भावंडांनी सारखा उचलावा, आणि हे निघायच्या आधी बोलून मोकळं व्हावं.

किनारा सुटला की थोड्याच वेळात मोबाईलची रेंज जाते. फोन फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर जहाजाच्या नेटवर्कचं बिल मोठं येतं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विसंबू नका. भेटायची जागा आणि दिवसातल्या तीन ठरलेल्या वेळा कागदावर लिहून प्रत्येक केबिनच्या आरशाला चिकटवा. सुटण्याआधीची सुरक्षा कवायत सगळ्यांनाच करावी लागते, तेव्हा लहानग्याच्या मापाचं लाइफ जॅकेट मागून घ्या.

गोव्यात थांबा काही तासांचाच असतो. फोंड्याकडे कुलदैवत असलेली घरं बरीच आहेत आणि मंगेशी किंवा कवळ्याची शांतादुर्गा करून यायची इच्छा होतेच. मुरगावाहून तिकडे जायला-यायला मिळून अडीच तास धरा, एकच देऊळ ठरवा, टॅक्सी आदल्या दिवशीच परतीसकट सांगून ठेवा. परत चढायची वेळ जहाजावरच्या घड्याळाप्रमाणे, त्याच्या तासभर आधी धक्क्यावर. ज्यांना उतरायचं नाही त्यांनी वरच्या डेकवर चहा घेत बसावं, त्या वेळी तिथे गर्दीही कमी असते.