पाम थ्री-एक्सई रोजच्या कामात: आतापर्यंतची वाटचाल

भेटीच्या वेळा, करायची कामे, वाढदिवस, घरातल्या दुरुस्त्यांच्या नोंदी आणि वाचताना केलेली टिपणे हे सगळे मी गेल्या काही महिन्यांपासून पाम थ्री-एक्सई या खिशात मावणाऱ्या डिजिटल डायरीवर ठेवत आहे. हे यंत्र २००० साली बाजारात आले. माझ्या संग्रहातली बाकीची यंत्रे चालू स्थितीत ठेवण्यापुरतीच मी हाताळते, परंतु हे यंत्र खिशात राहावे आणि कामाला यावे अशी इच्छा होती. आपल्यापैकी ज्यांच्याकडे थ्री-मालिकेतले एखादे पाम आहे आणि ज्यांना ते केवळ जपून न ठेवता वापरायचे आहे, त्यांना या नोंदीतल्या पद्धती थेट उपयोगी पडतील असे मला वाटते.

यंत्राची ताकद आजच्या हिशोबाने अगदी थोडी आहे. मोटोरोलाचा १६ मेगाहर्ट्झचा ड्रॅगनबॉल ईझी प्रोसेसर, ८ मेगाबाइट मेमरी, १६० बाय १६० बिंदूंची करड्या छटांची स्क्रीन आणि ट्रिपल-ए आकाराचे दोन सेल. परंतु जुन्या डिजिटल डायरीचा रोजच्या वापरातला कस प्रोसेसरच्या वेगावर लागत नाही, असे माझे मत या काळात पक्के झाले आहे. सुचलेली गोष्ट नोंदवायला किती वेळ लागतो आणि नोंदवलेली गोष्ट हवी तेव्हा किती खात्रीने सापडते, या दोनच प्रश्नांवर तो लागतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर यंत्राच्या रचनेतच आहे. पामचे संस्थापक जेफ हॉकिन्स यांनी १९९६ मध्ये आलेल्या पायलट या पामच्या पहिल्या डायरीच्या आधी त्याच आकाराचा लाकडी ठोकळा खिशात बाळगून आणि गरज पडेल तेव्हा तो बाहेर काढून वापराचा अंदाज घेतला होता, आणि त्या विचाराचा परिणाम थ्री-एक्सईच्या पुढच्या भागावरच्या चार बटणांत आजही हाताला जाणवतो. यंत्र बंद असताना दिनदर्शिकेचे बटण दाबले की ते सुरू होऊन थेट आजच्या दिवसावर येते, टिपणवहीचे दाबले की थेट टिपणांवर. तेच बटण पुन्हा दाबले की दिनदर्शिकेत दिवस, आठवडा, महिना अशी दृश्ये पालटतात आणि टिपणवहीत किंवा कामांच्या यादीत वर्गवारी बदलते. लेखणी बाहेर न काढता, एका हाताने, दिवसभराची रूपरेषा पाहून होते.

दुसऱ्या प्रश्नावर मात्र मला बरेच काम करावे लागले, आणि त्याचे कारण आपली भाषा हे आहे. या यंत्राचा अक्षरसंच एका बाइटचा आणि पश्चिम युरोपीय भाषांपुरता आहे. त्यात देवनागरीला जागा नाही. त्यामुळे मराठी नोंदी रोमन लिपीत कराव्या लागतात. लिहिताना याची अडचण फारशी वाटत नाही, ती शोधताना वाटते. पामचा शोध सर्व प्रोग्रामांतून एकदम फिरतो, ही त्याची मोठी सोय आहे, पण तो शब्दाच्या सुरुवातीशीच जुळवणी करतो; शब्दाच्या मधला भाग दिल्यास काहीच सापडत नाही. ‘पाणी’ हा शब्द एका ठिकाणी एका ए-ने आणि दुसऱ्या ठिकाणी दोन ए-नी लिहिला, तर पूर्ण शब्द शोधल्यावर दोन्ही नोंदी एकदम समोर येणार नाहीत. म्हणून मी स्वतःपुरते लेखनाचे नियम ठरवले आहेत. दीर्घ स्वरासाठी अक्षर दुप्पट करायचे नाही. ‘व’ नेहमी व्ही-ने लिहायचा, डब्ल्यूने कधीही नाही. श आणि ष यांत भेद करायचा नाही. जोडशब्द तोडून लिहायचा, म्हणजे त्याच्या दुसऱ्या भागावरूनही शोध लागतो. हे नियम मी टिपणवहीतच एका नोंदीत ठेवले आहेत, आणि नियम पक्के झाल्यानंतरच्या नोंदी पहिल्या प्रयत्नात सापडतात.

ग्राफिटी, म्हणजे लेखणीने यंत्राच्या लेखनपट्टीवर अक्षरे काढण्याची पामची लिपी, हिची सवय होण्यास वाटले होते त्यापेक्षा कमी वेळ लागला. थ्री-एक्सईवर मूळ ग्राफिटी आहे. झेरॉक्सशी झालेल्या पेटंटच्या वादानंतर पामने २००३ मध्ये तिच्या जागी ग्राफिटी-२ आणली आणि तिच्यात काही अक्षरांना दोन रेघा लागू लागल्या. मूळ लिपीत जवळजवळ प्रत्येक अक्षर लेखणी न उचलता एका रेघेत पुरे होते. ए-ची मधली आडवी रेघ गळते, टी म्हणजे डावीकडून उजवीकडे आडवी रेघ आणि तिथूनच खाली उतरणारी उभी रेघ, तर के हा माशाच्या आकृतीसारखा एका वळशात काढायचा. अक्षरे लेखनपट्टीच्या डाव्या भागात आणि आकडे उजव्या भागात लिहायचे. मराठीसाठी सर्वांत महत्त्वाची बाब व्ही आणि यू यांची आहे, कारण रोमन मराठीत ही दोन्ही अक्षरे सतत येतात आणि यंत्र त्यांची गल्लत करते. व्ही उलट्या दिशेने, म्हणजे उजवीकडून सुरू करून डावीकडे संपवल्यास ती गल्लत जवळजवळ थांबते. अक्षरे मोठी काढावीत, तिरकी काढू नयेत आणि हात मुद्दाम संथ करू नये, या तीन गोष्टी पाळल्या की मला लेखणी पुन्हा पुन्हा मागे न्यावी लागत नाही.

वेगाचा खरा फायदा मात्र शॉर्टकटनी झाला. वळणदार एल-सारखी खूण काढून पुढे डीटीएस ही तीन अक्षरे लिहिली की त्या क्षणाची तारीख आणि वेळ आपोआप उमटते. केवळ तारखेसाठी डीएस आणि केवळ वेळेसाठी टीएस पुरते. दुरुस्तीची आणि वाचनाची प्रत्येक नोंद मी याच खुणेने सुरू करते. स्वतःचे शॉर्टकट प्राधान्यांच्या पानावर तयार करता येतात आणि प्रत्येकात ४५ अक्षरांपर्यंत मजकूर मावतो. नेहमी लागणारे लांब मराठी शब्द आणि ठरावीक वाक्ये मी दोन-दोन अक्षरांच्या शॉर्टकटमध्ये बसवली आहेत. त्यामुळे लिहिणे कमी झाले हे तर खरेच, पण शॉर्टकटमधून येणारा शब्द दर वेळी त्याच वर्णलेखनाने येत असल्याने शोधाची अडचणही तिथेच मिटते. रोमन मराठीत नोंदी ठेवणाऱ्या कोणालाही मी सर्वांत आधी ही यादी तयार करण्याचा सल्ला देईन.

जिथे देवनागरीच हवी तिथे डिडलबग हा मुक्त स्रोताचा चित्रवहीचा प्रोग्राम वापरते. त्यात स्क्रीनवर थेट लेखणीने लिहिता येते आणि त्या पानाला गजरही जोडता येतो. एका पानात मोजकेच शब्द मावतात आणि ते शोधात येत नाहीत. तरीही दिवसभरात एखादा निरोप किंवा नाव आपल्या लिपीत लिहून ठेवण्यासाठी त्याचा आनंद काही वेगळाच आहे.

कामांच्या यादीत प्रत्येक कामाला १ ते ५ असा प्राधान्यक्रम, वर्ग आणि मुदत देता येते. त्यातली काम पूर्ण झाल्याची तारीख नोंदवण्याची सोय मी चालू ठेवली आहे. खूण केली की मुदतीच्या जागी पूर्णतेची तारीख बसते, आणि दुरुस्त्यांच्या वर्गात त्यातून आपोआप एक इतिहास तयार होतो. दिनदर्शिकेत वाढदिवस वार्षिक पुनरावृत्तीने टाकले आहेत. टिपणवहीतली एक नोंद सुमारे ४,००० अक्षरांपर्यंतच वाढते. पुस्तकावरचे टिपण या मर्यादेत मावत नसेल, तर ते प्रकरणांनुसार वेगवेगळ्या नोंदींत विभागते आणि पहिल्या ओळीत पुस्तकाचे संक्षिप्त नाव व प्रकरणाचा आकडा लिहिते. यादी वर्णानुक्रमे लावता येत असल्याने ती सगळी एकापाठोपाठ दिसतात.

सेलविषयी सविस्तर लिहायला हवे, कारण या मालिकेत सेल आणि मेमरी यांचे भवितव्य एकत्र बांधलेले आहे. सर्व नोंदी चालत्या मेमरीत असतात. वीज पूर्ण गेली की त्या नाहीशा होतात. सेल काढल्यावर आतला कपॅसिटर मेमरी थोडा वेळ धरून ठेवतो, पण माहितीपुस्तिका एका मिनिटाच्या आत नवे सेल बसवायला सांगते आणि ती मर्यादा गांभीर्याने घ्यावी. इतक्या वर्षांनंतर तो कपॅसिटर नव्यासारखा राहिला असेल असे गृहीत धरणे योग्य नाही. माझी पद्धत अशी: आधी संगणकावर प्रत घ्यायची, यंत्र बंद करायचे, नवे सेल हाताशी ठेवायचे आणि मगच झाकण उघडायचे. मी पुन्हा चार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल वापरते. त्यांचा दाब सुमारे १.२ व्होल्ट असतो आणि साध्या अल्कलाइनचा १.५ व्होल्ट, त्यामुळे यंत्राचा सेलदर्शक सुरुवातीपासूनच कमी भरणा दाखवतो. शॉर्टकटची खूण, मग ठिपका आणि मग ७ हा आकडा असे लिहिले की यंत्र सेलचा प्रकार बदलते आणि प्रत्येक वेळी पुढचा प्रकार दाखवते; निकेल-कॅडमियम निवडल्यास दर्शक वास्तवाच्या बराच जवळ येतो. हिरवा बॅकलाइट मी अंधारातच लावते. तो सेल भरभर संपवतो, आणि विद्युत्-प्रदीप्तीवर चालणारा असा थर वापराबरोबर मंद होत जातो. मेमरीवरची आणखी एक सुरक्षा म्हणजे थ्री-एक्सईतला फ्लॅश रॉम. फ्लॅशप्रो या प्रोग्रामने त्यातल्या रिकाम्या भागात फाइली ठेवता येतात आणि वीज गेली तरी त्या टिकतात; डिडलबगसारखे बाहेरून घातलेले प्रोग्राम मी तिथे हलवले आहेत, म्हणजे मेमरी पुसली गेली तरी फक्त नोंदी परत आणाव्या लागतील.

संगणकाशी जोडणी लिनक्सवर पायलट-लिंक आणि जे-पायलट या प्रोग्रामांच्या साहाय्याने चालू आहे. क्रेडलची, म्हणजे यंत्र ज्यात ठेवून संगणकाला जोडतात त्या बैठकीची, जोडणी जुन्या नऊ पिनांच्या सिरियल पद्धतीची असल्याने मध्ये यूएसबी-सिरियल अडॅप्टर लागतो. हॉटसिंकची, म्हणजे यंत्र आणि संगणक यांच्यातल्या नोंदी जुळवण्याच्या क्रियेची, सुरुवात नेहमी ९,६०० बॉड या संथ वेगाने होते आणि दोन्ही बाजूंचे एकमत झाल्यावर वेग वाढतो. जोडणी सुरुवातीलाच तुटत असेल तर जे-पायलटमध्ये वेग कमी ठरवून पाहावे, माझ्याकडे त्याने फरक पडला. पाम प्रत्येक नोंदीबरोबर ती बदलली आहे की नाही याची खूण ठेवते, त्यामुळे त्याच संगणकाशी पुन्हा जोडल्यावर बदललेल्या नोंदीच पाठवल्या जातात आणि काम लवकर आटोपते. दुसऱ्या संगणकाशी जोडल्यास सगळ्या नोंदींची तुलना होते, म्हणून मी एकच संगणक ठरवून ठेवला आहे. जे-पायलटचा सिंकटाइम हा जोडप्रोग्राम यंत्राचे घड्याळही संगणकावरून लावतो. गजरांवर अवलंबून राहायचे तर हे आवश्यक आहे. दिनदर्शिका आयकॅलेंडर स्वरूपात आणि पत्ते व्हीकार्ड स्वरूपात बाहेर काढता येतात, त्यामुळे माहिती या यंत्रात अडकून पडत नाही. हा मार्ग मी मुद्दाम एकाच दिशेने ठेवला आहे. नोंद होते ती पामवर, बाकी सर्वत्र तिची प्रत असते. दोन ठिकाणी नोंदी करू लागले की कोणती खरी हे तपासण्यात यंत्राचा सगळा फायदा संपतो.

पासवर्ड आणि बँकेचे तपशील मी या यंत्रावर ठेवत नाही. खाजगी म्हणून खूण केलेली नोंद केवळ लपवली जाते, तिचे कूटलेखन होत नाही, आणि हॉटसिंकमध्ये ती संगणकावर वाचता येईल अशाच स्वरूपात उतरते. घरखर्चासाठी सोबत आलेला खर्चाचा प्रोग्राम पाहिला; त्यातले प्रकार प्रवासी कर्मचाऱ्याच्या गरजेनुसार बेतलेले आहेत. म्हणून तो हिशोब सध्या टिपणवहीत आहे आणि पायलट-डीबी या मुक्त डेटाबेसमध्ये त्याची मांडणी करून पाहण्याचे काम पुढे घेणार आहे.

एक मर्यादा मात्र पद्धत बदलून टळणार नाही. पाम ओएस ही यंत्राची कार्यप्रणाली तारखेतले वर्ष सात बिटांत साठवते आणि मोजणी १९०४ पासून करते. सात बिटांत १२७ पर्यंतचीच संख्या मावते, म्हणून दिनदर्शिका ३१ डिसेंबर २०३१ ला संपते. वार्षिक पुनरावृत्तीचे वाढदिवसही तिथेच थांबतात. पत्ते आणि टिपणे यांना तारखेची गरज नसल्याने ती पुढेही चालतील, आणि डीटीएसच्या खुणेऐवजी तारीख हाताने लिहिता येईल. तोवर दिनदर्शिका नियमितपणे आयकॅलेंडरमध्ये काढून ठेवायची असे ठरवले आहे. पहिल्या निर्यातीत पुनरावृत्तीच्या नोंदी नीट उतरल्या आहेत. दिनदर्शिकेच्या नोंदींना जोडलेली टिपणे दुसऱ्या प्रोग्रामांत कशी उतरतात, याची तपासणी सध्या चालू आहे.