कर्ण की अर्जुन? तुम्ही विचारलंत म्हणून

वेंगुर्ल्यात माझ्या हातात 'मृत्युंजय' दिसलं की कोणी ना कोणी विचारतंच, "तुका कोण आवडता गो, कर्ण की अर्जुन?" आणि मग कादंबरी कशी वाटली तेही विचारतात. दरवेळी अर्धवट काहीतरी सांगते, म्हणून आज नीट लिहितेय. मी काही अभ्यासक नाही, पावसाळ्यात लाईट गेली की बॅटरी लावून वाचणारी बाई आहे.

आधी चांगलं सांगते. शिवाजी सावंतांची कर्णावरची ही कादंबरी आली १९६७ ला, तेव्हा ते जेमतेम सत्तावीस वर्षांचे होते, आणि त्या वयात कुंतीच्या मनातलं असं लिहायचं म्हणजे खरंच कमाल आहे. गोष्ट सहा जण सांगतात, स्वतः कर्ण, कुंती, दुर्योधन, कर्णाचा धाकटा भाऊ शोण, कर्णाची बायको वृषाली आणि शेवटी श्रीकृष्ण. भाषा जड आहे हे खरं, उपमा फार आहेत, काही पानं मी सरळ उलटली. पण राजपुत्रांच्या शस्त्रपरीक्षेच्या आखाड्यात कर्ण अर्जुनाला आव्हान देतो आणि सगळ्यांदेखत त्याला कुळ विचारतात तिथे पुस्तक खाली ठेवता येत नाही.

आता माझी तक्रार. एवढी मोठी गोष्ट ज्या वैरावर उभी आहे त्यातला दुसरा माणूस अर्जुन, त्याला एकसुद्धा भाग नाही! सहा जण बोलतात आणि ज्याच्याशी आयुष्यभर स्पर्धा तो गप्प. मी दशावतार बघत वाढले म्हणून मला हे जास्तच टोचत असेल. आमच्याकडे जत्रेत रात्री नाटक लागतं, रंगमंचावर एक बाकडं, बाजूला पेटी, मृदंग, झांज, आणि दोन राजे समोरासमोर आले की आधी शब्दांची लढाई. संवाद लिहिलेले नसतात, नट तिथल्या तिथे बोलतात, त्यामुळे एकाने काही सुनावलं की दुसऱ्याला उत्तर द्यावंच लागतं, नाहीतर तो पडला. कर्ण कितीही लाडका असला तरी समोरचा अर्जुन आपली बाजू मांडतोच, आणि लहानपणी मांडीवर गोधडी घेऊन बसल्या बसल्या मी दोघांचंही ऐकायचे. कादंबरीत ते मिळत नाही. द्यूतसभेचं वाचताना तर मला कर्णाच्या बाजूने उभंच राहता आलं नाही, तिथे समोरून कोणीतरी बोलायला हवं होतं.

आणि गंमत म्हणजे अर्जुनाकडे सांगण्यासारखं सगळ्यात जास्त आहे असं मला वाटतं. युद्धाआधी कृष्ण कर्णाला सांगतो की तू कुंतीचा मुलगा, मग कुंती स्वतः येते, म्हणजे कर्ण लढतो तो समोर धाकटा भाऊ आहे हे माहीत असून. अर्जुनाला काहीच माहीत नाही. सतराव्या दिवशी चाक रुतलेलं असताना तो बाण सोडतो आणि युद्ध संपल्यावर कुंतीच्या तोंडून कळतं की तो आपला थोरला भाऊ होता. त्या रात्री अर्जुन झोपला असेल का हो? मला ते प्रकरण वाचायचं होतं. कर्णाचं दुःख सावंतांनी इतकं भरभरून दिलंय की दुसऱ्याच्या दुःखाला जागाच उरली नाही, आणि माझ्या मते हीच एक मोठी उणीव आहे. बाकी वृषालीचा भाग मी दोनदा वाचला, तो तुम्हीही वाचाच.

तर कर्ण की अर्जुन? मला शोण आवडतो. सूताच्या घरचा, रक्ताचं काही नातं नसलेला धाकटा भाऊ. कर्ण हस्तिनापूरला निघतो तेव्हा हा पोरगा रथामागे धावत सुटतो. मी ते वाचत होते तेव्हा बाहेर पाऊस नुसता कोसळत होता, आणि मी आतल्या खोलीत झोपलेल्या माझ्या भावाला एकदा बघून आले.