अर्नी पाईल : छापल्याची तारीख आणि घडल्याची तारीख

मंडळी, अर्नी पाईल या अमेरिकन युद्धवार्ताहराच्या दुसऱ्या महायुद्धातल्या काळाचा कालपट या टप्प्यात बराच भरत आला. १९४२ मधल्या उत्तर आफ्रिकेपासून ते १८ एप्रिल १९४५ ला ओकिनावाजवळच्या इए शिमा या जपानी बेटावर तो मारला गेला तिथपर्यंत. सगळ्यात जास्त वेळ गेला तो तारखा लावण्यात. त्याचे लेख क्रमानं मिळतात खरे, पण लेखावर असते ती वर्तमानपत्रात छापल्याची तारीख.

कॅप्टन हेन्री वॅस्को या अमेरिकन अधिकाऱ्यावरचा लेख घ्या. वॅस्को इटलीत, सान पिएत्रोच्या लढाईत, १४ डिसेंबर १९४३ ला पडला. लेख छापून आला १० जानेवारी १९४४ ला. फ्रान्समधल्या नॉर्मंडीतही तेच. पाईल तिथल्या ओमाहा किनाऱ्यावर उतरला ७ जून १९४४ ला, आणि वाळूत विखुरलेल्या सामानाचं, सैनिकांच्या पत्रांचं ते वर्णन वाचकांपर्यंत पोचलं १६ आणि १७ जूनला. म्हणून माझ्या तक्त्यात आता दोन वेगळे रकाने आहेत, छापल्याचा आणि घडल्याचा. तिसरा रकाना तो कुठल्या तुकडीबरोबर होता त्याचा. हा तिसरा रकानाच खरा उपयोगी, कारण तुकडीच्या हालचाली लष्करी कागदांत सापडतात आणि त्यावरून प्रसंगाचा दिवस ठरवता येतो.

काही दिवस मात्र खुंटीसारखे पक्के आहेत. २५ जुलै १९४४ ला नॉर्मंडीतल्या सेंट-लोजवळ अमेरिकन विमानांचे बॉम्ब आपल्याच सैन्यावर पडले, त्यात लेफ्टनंट जनरल लेस्ली मॅकनेअर गेला. पाईल त्या माऱ्यात सापडला होता. मॅकनेअरच्या मृत्यूची तारीख वादातीत असल्यानं आसपासचे लेख या दिवसाला टांगून मागेपुढे लावता आले.

पाईलची एक सवय आपल्यासारख्यांना फार मोलाची आहे. भेटलेल्या सैनिकाचं नाव आणि गाव तो लिहायचाच, पुष्कळदा घराचा पत्तासुद्धा. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारानं लष्करभरतीच्या नोंदी ऑनलाइन ठेवल्या आहेत, तिथे ही नावं ताडून पाहता येतात. सेनापतींच्या मुलाखतींपेक्षा या साध्या नावांमधूनच पाईल जास्त कळतो, असं माझं ठाम मत झालं आहे.

शेवटच्या दिवसाची मांडणी अशी झाली. ७७ व्या डिव्हिजनबरोबर तो १७ एप्रिलला इए शिमावर आला. दुसऱ्या दिवशी सकाळी ३०५ व्या रेजिमेंटच्या लेफ्टनंट कर्नल जोसेफ कूलिजबरोबर जीपमधून जात असताना जपानी मशीनगन सुरू झाली. सगळ्यांनी रस्त्याकडेच्या चरात उड्या मारल्या. थोड्या वेळानं पाईलनं बाकीच्यांची खबर घ्यायला डोकं वर काढलं आणि हेल्मेटच्या कडेखाली, डाव्या कानशिलात गोळी लागली. वय ४४. वॉशिंग्टनमध्ये तेव्हा अजून १७ तारखेची संध्याकाळ होती, त्यामुळे घड्याळाचा फरकही तक्त्यात नोंदवून ठेवा. अलेक्झांडर रॉबर्ट्सनं काढलेलं त्याच्या मृतदेहाचं छायाचित्र लोकांसमोर आलं थेट २००८ मध्ये.

त्याच्या खिशात एका लेखाचा कच्चा मसुदा मिळाला. युरोपातलं युद्ध संपेल त्या दिवसासाठी लिहिलेला. त्यात विजयाचा जल्लोष जवळपास नाहीच, डोंगरांवर आणि कुंपणांच्या कडेला पडलेली माणसं आहेत. युरोपातला विजय ८ मे रोजी जाहीर झाला, म्हणजे तो गेल्यावर वीस दिवसांनी. हा मसुदा मी पुन्हा पुन्हा वाचतो आहे.

दफनाच्या नोंदी लागल्या: आधी इए शिमा, मग ओकिनावा, आणि १९४९ पासून होनोलुलूची पंचबोल स्मशानभूमी. पुढचं काम त्याच्या बायकोचं, जेरीचं. ती नोव्हेंबर १९४५ मध्ये गेली, आणि दोघांचं अल्बुकर्कीचं घर पुढे सार्वजनिक ग्रंथालय झालं. इंडियाना विद्यापीठाच्या लिली ग्रंथालयात पाईलची कागदपत्रं आहेत, त्यांच्या सूचीतून जेरीला लिहिलेली पत्रं आधी वेगळी काढणार आहे. कोणी ही सूची चाळली असेल तर जरूर सांगा.