लिहिणारी आणि देणारी

१९ ऑगस्ट २०२४, टॅम्पा

आज नापास झाले. नर्सिंगच्या पहिल्याच आठवड्यात, आणि तेही सरावाच्या प्लास्टिकच्या बाईला आंघोळ घालताना.

पाणी कोमट आहे का पाहिलं, खाट कमरेच्या उंचीला आणली, अंग झाकून एकेक भाग उघडा केला, डोळे आतल्या कोपऱ्याकडून बाहेर पुसले. हातमोजे काढले, हात धुतले आणि ऐटीत निघाले. शिकवणाऱ्या बाईंनी यादीवर फुली मारली. खाट खाली करायची राहिली होती आणि बेल पेशंटच्या हाताशी ठेवली नव्हती. पुढच्या सोमवारी परत.

गाडीत आधी हसू आलं, मग राग. नऊ वर्षं टेक्निशियन म्हणून कॅथलॅबमध्ये काढली आहेत, हृदयाच्या वाहिन्या नळी घालून तपासतात आणि उघडतात त्या खोलीत. रात्री दोनला फोन वाजला की अर्ध्या तासात एक्स-रे अडवणारा लेडचा एप्रन चढवून टेबलापाशी हजर. बंद पडलेली रक्तवाहिनी उघडताना पडद्यावर पाहिली आहे, किती वेळा ते मोजलं नाही. आणि मी बेल विसरले!

का विसरले ते डेल मेब्रीच्या सिग्नलला उभी असताना कळलं. कॅथलॅबमध्ये बेल नसतेच. पेशंटला एकटं सोडून तिथून कुणी जातच नाही. चार-पाच माणसं तासभर त्याच्याभोवती असतात, मग स्ट्रेचर दाराबाहेर जातं आणि आमच्यापुरता तो माणूस संपतो. बेल लागते ती त्याच्यानंतर.

२५ ऑगस्ट

आईला फोनवर समजावताना नाकी नऊ आले.

"म्हणजे आता तू सिस्टर होणार? टेबलावर डॉक्टरांच्या शेजारी उभी राहत होतीस ती काय वाईट होतीस?"

आई मिरजेची. मिरजेतलं माणूस सतारी आणि हॉस्पिटलं यांच्यामध्येच मोठं होतं. वानलेस हॉस्पिटल तिथे १८९४ पासून आहे. त्यामुळे सिस्टर म्हणजे काय हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. तिच्या बोलण्यात हिणवणं नव्हतं, काळजी होती. तिच्या मते सिस्टरच्या पायाला भिंगरी, बोलणी सगळ्यांची, आणि नाव मात्र डॉक्टरांचं.

मग तिला हिशेब सांगितला. आपल्याकडे कॅथलॅब टेक्निशियनला नर्स व्हायचं तर बारावी झालेल्या पोरींबरोबर बीएस्सी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला बसायचं, चार वर्षं. इथे फ्लोरिडातल्या काही कम्युनिटी कॉलेजांत मधला पूल आहे. एलपीएन (इथली खालच्या पायरीची नर्स), पॅरामेडिक, रेस्पिरेटरी थेरपिस्ट आणि कॅथलॅबचं आरसीआयएस सर्टिफिकेट असलेले लोक, यांना सुरुवातीचा काही भाग माफ. शरीररचना, मायक्रोबायॉलॉजी, स्टॅटिस्टिक्स हे विषय आधी करून ठेवावे लागतात. माझी त्यात दोन वर्षं गेली, रात्रीच्या वर्गांत. आता तीन सत्रं, मग असोसिएट डिग्री, मग एनक्लेक्स, म्हणजे नर्सच्या लायसन्सची परीक्षा. शनिवार-रविवार कॅथलॅबची नोकरी चालूच.

"पण का गं?" हा प्रश्न तिने शेवटी विचारलाच. मी पाठदुखीचं कारण दिलं. लेडचा एप्रन घालून आठ तास उभं राहिलं की मणके बोलायला लागतात, ते खरंच आहे. टेक्निशियनला वर चढायला शिडी नसते, तेही खरं.

तिला सांगितलं नाही ते इथे लिहिते. आमच्याकडे कामाच्या तीन जागा. एकजण हातमोजे घालून डॉक्टरांबरोबर टेबलापाशी, एकजण बाहेरून सामान उघडून देणारा, आणि एकजण काचेपलीकडे बसून प्रेशरवर नजर ठेवणारा, मिनिटामिनिटाची नोंद करणारा. डॉक्टर म्हणतात, "एक मिडॅझोलॅम, पन्नास फेंटानिल." एक गुंगीचं, एक वेदनेवरचं. सिस्टर देते. मी टाइप करते: १ मिलिग्रॅम, ५० मायक्रोग्रॅम, वेळ. औषध मी देऊ शकत नाही. मार्चमध्ये एक आजोबा टेबलावर कण्हत होते, हात दुखतोय म्हणाले. मी त्यांच्या उशाशीच होते. म्हटलं, "सिस्टरना सांगते हं." सिस्टर तेव्हा हेपॅरिन, गुठळी होऊ न देणारं औषध, भरत होती. आजोबांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. नऊ वर्षांत मी पेशंटशी सगळ्यात जास्त वेळा बोललेलं वाक्य तेच असेल, सिस्टरना सांगते.

१० ऑक्टोबर

काल रात्री मिल्टन चक्रीवादळ आलं. सिएस्टा की पाशी किनाऱ्याला लागलं, म्हणजे आमच्या दक्षिणेला; टॅम्पा थोडक्यात वाचलं असं सगळे म्हणताहेत. सेंट पीटर्सबर्गच्या ट्रॉपिकाना फील्डचं छप्पर मात्र फाटून गेलं. मी वादळाच्या टीममध्ये होते. दोन दिवस हॉस्पिटलमध्येच मुक्काम, कॅथलॅबच्या मागच्या खोलीत फुगवायच्या गादीवर. नवरा आणि लेक ऑरलँडोला मैत्रिणीकडे.

केसेस आल्या नाहीत, म्हणून पाठ्यपुस्तक वाचलं. आणि सलाईनच्या पिशव्या मोजल्या. दोन आठवड्यांपूर्वीच्या हेलीन वादळाने नॉर्थ कॅरोलायनातला सलाईनचा कारखाना बुडवला. देशातल्या शिरेवाटे द्यायच्या द्रावांपैकी सुमारे ६० टक्के तिथून येत होते. शीथ (वाहिनीत बसवलेली आखूड नळी) धुवायला आम्ही ज्या पिशव्या बिनदिक्कत फोडायचो, त्यांच्यासाठी आता सही. पेशंटला शक्य असेल तर तोंडाने पाणी पाजा, असं वरून सांगणं आलंय. तोंडाने पाणी पाजणं हा इलाज कॅथलॅबमध्ये पहिल्यांदाच ऐकला.

१४ नोव्हेंबर

क्लिनिकल, म्हणजे प्रत्यक्ष पेशंटवरचा सराव. दुसऱ्या एका हॉस्पिटलचा टेलिमेट्री वॉर्ड, जिथे ठोके सतत पडद्यावर दिसतात. माझ्या वाट्याला ६१ वर्षांचे गृहस्थ. ऑगस्टमध्ये हार्ट अटॅक, हृदयाच्या पुढच्या मोठ्या वाहिनीत, एलएडीत, स्टेंट. परवा परत अटॅक. तोच स्टेंट गुठळीने बंद. क्लोपिडोग्रेल, गुठळी होऊ न देणारी गोळी, त्यांनी बंद केली होती.

असे पेशंट मी कॅथलॅबमध्ये पाहिले आहेत. आमच्या लॉगमध्ये त्यांची ओळख एका शब्दात संपते: नॉन-कम्प्लायंट, सांगितलेलं न पाळणारा. पहाटे तीनला उठून आलेली पाच माणसं त्या शब्दावर मान हलवतात. अटॅकनंतर स्टेंट घातला की ॲस्पिरिनच्या जोडीला ही गोळी साधारण वर्षभर घ्यायची, हे काय अवघड आहे?

केअर प्लॅन लिहिताना मी हृदयाची अशी काही चित्रं काढली की बाई खूश होतील. वाहिनी कुठे किती बंद, इजेक्शन फ्रॅक्शन (हृदय दर ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर ढकलतं ते) किती, सगळं. बाईंनी कागद परत केला. समासात लाल पेनाने एकच प्रश्न: गोळी का थांबवली?

मला माहीत नव्हतं. विचारलंच नव्हतं.

दुपारी परत गेले. खुर्ची ओढून बसले (हे बसणंही मला शिकावं लागतंय; मी उभ्याउभ्या बोलते). ते म्हणाले, दात घासताना रक्त यायचं. दंडावर काळेनिळे डाग. वाटलं, रक्त जास्तच पातळ झालंय, थोडे दिवस थांबू. डाग पडणं अपेक्षित आहे, पण गोळी विचारल्याशिवाय थांबवायची नाही, असं कुणी सांगितलं होतं का? सांगितलं असेल, ते म्हणाले. घरी सोडताना वीस पानं हातात दिली होती.

मी सांगितलं. मग बाईंनी शिकवल्याप्रमाणे त्यांनाच विचारलं, आता घरी गेल्यावर बायकोला हे कसं सांगाल? त्यांनी सांगितलं, अर्धं चुकीचं. परत सांगितलं. तिसऱ्या वेळी बरोबर आलं. वीस मिनिटं गेली. एवढ्या वेळात आम्ही एखादी वाहिनी उघडून मोकळे होतो.

२१ जानेवारी २०२५

कॅथलॅबमधल्या प्रत्येकाला फोर्समानची गोष्ट पाठ असते. १९२९, जर्मनीतलं एबर्सवाल्ड. वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरने स्वतःच्या कोपराजवळच्या शिरेतून नळी हृदयापर्यंत सरकवली, मग चालत जाऊन एक्स-रे काढला. १९५६ साली नोबेल. नवीन टेक्निशियनला पहिल्या दिवशी ही गोष्ट सांगायची आमच्याकडे रीत आहे, मीही सांगितली आहे.

त्या गोष्टीतली सिस्टर आज पहिल्यांदा दिसली. गेर्डा डिट्झेन. अवजारं तिच्या ताब्यात होती, म्हणून त्याला ती हवी होती. ती म्हणाली, प्रयोग माझ्यावर करा. त्याने तिला टेबलावर आडवं केलं, हातपाय बांधले, तिच्या हाताला औषध लावल्याचं सोंग केलं आणि तिच्या नकळत नळी स्वतःच्या हातात घातली. मग तिला सोडलं, कारण एक्स-रेच्या खोलीपर्यंत जायला मदत हवी होती.

आम्ही ही गोष्ट नेहमी हसत सांगतो, बिचारी बांधलेली नर्स म्हणून. आज हसू आलं नाही. नळी हृदयात गेल्यावर माणूस मरतो असं तेव्हा बहुतेक डॉक्टर मानत होते. ते ठाऊक असून ती आडवी झाली. म्हणजे धाडस दोघांचं होतं, फसवणूक एकाची.

(हे आईला सांगायला हवं. ती म्हणेल, बघ, मी काय म्हणत होते, नाव डॉक्टरांचं.)

१२ मार्च

बाळंतिणींचा वॉर्ड. नाभीच्या आसपास हात ठेवून गर्भाशय चाचपायचं. टणक लागलं तर ठीक, मऊ लागलं तर रक्तस्रावाची धास्ती, लगेच चोळायचं. बाकी मुली घाबरत होत्या, माझा हात मात्र बरोबर जागी बसला. शीथ काढल्यावर जांघेत पंधरा-वीस मिनिटं दाबून धरायची सवय. तळहाताला कळतं खाली काय चाललंय ते. अख्ख्या वर्षात पहिल्यांदा जुनं काही कामाला आलं.

६ सप्टेंबर

परीक्षा झाली. एनक्लेक्स माणसागणिक वेगळी. उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न अवघड, चुकलं की सोपा. कमीत कमी ८५ प्रश्न, जास्तीत जास्त १५०, वेळ पाच तास. माझा पडदा ८५ला बंद झाला. याचा अर्थ फार चांगलं किंवा फार वाईट, दोन्हीपैकी काहीही. पार्किंगमध्ये गाडीत बसून थर्मासमधला चहा प्यायले, तो गार झाला होता.

सरावात मी सगळ्यात जास्त चुकले ते हृदयाच्या प्रश्नांत. मैत्रिणींना पटत नाही. पण पडद्यावर सरळ किंवा वेडीवाकडी रेष दिसली की माझं डोकं थेट औषधांकडे धावतं. उत्तर असतं, पेशंटकडे जा आणि बघ. वायर सुटली असेल, तो दात घासत असेल. नऊ वर्षं मी काचेपलीकडून पडद्याकडे बघत आले, आणि तिथे तेच माझं काम होतं.

९ सप्टेंबर

पास. लेकीने फ्रिजवर कागद चिकटवला: आई आरएन (रजिस्टर्ड नर्स). खाली हृदयाचं चित्र, बदामाच्या आकाराचं. चार कप्पे काढ म्हटलं तर चिडली.

२० ऑक्टोबर

कॅथलॅबने बोलावलं होतं, नर्स म्हणून. पगार बरा, माणसं ओळखीची. वर्षभर नको म्हटलं आणि कार्डियाक स्टेपडाउन वॉर्ड घेतला, आयसीयू आणि साध्या वॉर्डाच्या मधला. नवऱ्याला वेडेपणा वाटतो. कॉलच्या रात्री परत नको, एवढंच कारण त्याला पटलं. मला स्ट्रेचर दाराबाहेर गेल्यानंतरचं बघायचंय. बारा तासांची पाळी, चार पेशंट, आणि सध्या तरी मी सगळ्यात हळू. जिला मी तीन वर्षांपूर्वी कॅथेटर हातात द्यायला शिकवलं, ती परवा स्ट्रेचर घेऊन वॉर्डात आली आणि पेशंट ताब्यात घेतल्याची माझी सही घेऊन गेली. दोघींनाही जरा अवघडल्यासारखं झालं.

२३ नोव्हेंबर

सकाळी नऊची औषधं. बारा नंबरच्या आजींना मेटोप्रोलॉल, ठोके आणि प्रेशर उतरवणारी गोळी, २५ मिलिग्रॅम. गोळी कपात काढली, मनगटावरचा पट्टा स्कॅन केला, हिरवी खूण आली. कॉम्प्युटरच्या मते सगळं बरोबर: माणूस, औषध, मात्रा, वेळ.

ठोके ४८. वरचं प्रेशर ९२. मी हाताने परत घेतलं, ९०. आजी म्हणाल्या, बसलं की गरगरतंय.

कॅथलॅबमध्ये हे आकडे मी टाइप केले असते आणि मोठ्याने वाचले असते, बस्स. इथे कप माझ्या हातात होता. ही सगळ्यात साधी गोळी, मिरजेत आईही घेते. दोन मिनिटं तशीच उभी राहिले. मग कप बाजूला ठेवला, डॉक्टरांना फोन लावला, आकडे सांगितले, म्हटलं गोळी थांबवली आहे. ते म्हणाले, "ठीक, थांबवा. ईसीजी काढा, मी येतो." त्यांच्या लेखी अर्ध्या मिनिटाचा फोन. माझ्या हाताला घाम.

फोन ठेवते तोच बाराच्या दारात आवाज ऐकला. ईसीजीचा टेक्निशियन पोरगा गाडी ढकलत आत शिरला होता. आजी त्याला काहीतरी सांगत होत्या, बहुतेक पाणी हवं होतं, की थंडी वाजत होती.

"सिस्टरना सांगतो हं," तो म्हणाला, आणि वळून कॉरिडॉरमध्ये बघायला लागला. मीही मागे वळून पाहिलं.